थंडीने करपलेला नारळ व आपली घाई

पौषातील कडाका ओसरून माघाचे ऊन जरा तापू लागले की आपल्या जिल्ह्यातील अनेक परसांतून कोयत्याचा आवाज येऊ लागतो. ज्या नारळाच्या झाडास सहा-सात वर्षे पाणी घालून वाढविले, त्याच्या झावळ्या तांबूस पडून टोकांकडून वाळत चालल्या आहेत असे दिसताच घरधन्याचा धीर सुटतो. कोणी म्हणतो, झाड मेले. कोणी म्हणतो, वाळलेले सगळे छाटून टाका म्हणजे नवे फुटेल. मग झाडावर चढणाऱ्यास बोलावून शेंड्यातील दोन-चार झावळ्या ठेवून बाकी सर्व उतरविल्या जातात. हे सारे प्रेमापोटी होते, यात संशय नाही. परंतु आपल्याकडे नारळाची जितकी झाडे थंडीने दगावतात, त्याहून अधिक या उपचाराने दगावतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते का, हे सभासद बंधूंपुढे सविस्तर मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम एका आक्षेपाचा निकाल लावलेला बरा. भंडारा जिल्हा हा काही नारळाचा मुलूख नव्हे. हा धानाचा, लाखोरीचा, कोहळी मंडळींनी बांधलेल्या तलावांचा व बोड्यांचा मुलूख होय. येथे नारळ हे पीक नाही. ते परसातील, विहिरीकाठचे, देवळाच्या आवारातील झाड आहे. उत्पन्नाच्या आशेने कोणी एकरभर नारळ लावण्याचा विचार करीत असेल तर त्यास आम्ही उत्तेजन देणार नाही. समुद्राकाठची दमट हवा व वर्षभर फारसा न बदलणारा उबारा, या दोन्ही गोष्टी आपल्यापाशी नाहीत. परंतु झाड लावावे की न लावावे हा प्रश्न वेगळा, आणि लावलेले, वाढलेले, फळास आलेले झाड राखावे की न राखावे हा प्रश्न वेगळा. ज्या घरी सत्यनारायणापासून लग्नकार्यापर्यंतचा नारळ परसातून येतो, त्या घरच्या माणसास 'हे झाड मुळी येथले नव्हेच' असे सांगून काय उपयोग? त्याचे झाड आज करपलेले आहे, व त्याने उद्या काय करावे, एवढेच त्यास हवे असते.

अडचण अशी की या माणसास उपयोगी पडेल असे लिखाण जवळजवळ नाहीच. नारळाविषयी आपल्या देशात ज्ञानाची उणीव नाही. कासरगोड येथील संशोधन केंद्राचे काम १९१६ पासून चालू आहे. आपल्या राज्यात रत्नागिरीजवळ भाट्ये येथील केंद्रही १९५५ पासून आहे. या दोहोंच्या सूचना उत्तम आहेत. परंतु त्या ज्या हवेसाठी लिहिल्या, तेथे कडाक्याची थंडी ही झाडाची व्याधी नव्हेच. उलटपक्षी, थंडीने करपलेल्या ताडवर्गीय झाडांविषयी जे लिहिले गेले ते बहुतेक अमेरिकेतील. तेथे १९८९ च्या डिसेंबरात फ्लोरिडात व २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासात हिमाची लाट येऊन असंख्य झाडे करपली, आणि त्या अनुभवातून तेथील शेतकी शाळांनी जे नियम बसविले ते विचार करण्याजोगे आहेत. त्यांतील मुख्य नियम हा की, घाईने छाटू नका, वाट पाहा. मात्र फ्लोरिडात हिवाळ्यामागून जो उन्हाळा येतो तो पावसाचा. आपल्याकडे माघामागून वैशाख येतो! कोकणच्या पुस्तकास आपला पौष ठाऊक नाही, आणि फ्लोरिडाच्या पुस्तकास आपला वैशाख ठाऊक नाही. आपले झाड या दोन पुस्तकांच्या मध्ये उभे आहे, व त्याचा विचार आपणासच करावयास हवा.

आपली थंडी म्हणजे किती? नागपूरच्या वेधशाळेत २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. १ मे १९९९ पूर्वी आपल्याच जिल्ह्याचा भाग असलेल्या गोंदियाचे नाव तर विदर्भातील सर्वांत थंड ठिकाण म्हणून हिवाळ्यात वर्तमानपत्रांत वारंवार येते. अर्थात वेधशाळेचा पारा जमिनीपासून काही उंचीवर, छायेच्या पेटीत ठेवलेला असतो. निरभ्र आकाश, वारा पडलेला, अशा रात्री उघड्यावरील पानातील उष्णता सरळ आकाशाकडे निघून जाते व ते पान भोवतालच्या हवेहूनही थंड होते. जड झालेली गार हवा पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट बांध्यांत साचते. म्हणून एकाच गावात टेकाडावरील झाड हिरवे राहते आणि खालच्या अंगाचे करपते. तलावाच्या पाळीवरील झाड बचावते, कारण पाण्यात दिवसाची ऊब साठलेली असते. आणि आंब्याच्या छायेतील नारळ, जो एरवी उन्हावाचून कुचंबतो, तो या रात्री मोठ्या झाडाच्या पांघरुणाखाली सुखरूप निघतो. उंच झाडास लहानापेक्षा कमी इजा होते तीही याचमुळे. अशा रात्री चाळीस फुटांवरची हवा जमिनीलगतच्या हवेपेक्षा उबदार असते.

उत्तरेकडे ज्यास पाला पडणे म्हणतात, म्हणजे दव गोठून पांढरा थर बसणे, ते आपल्याकडे क्वचितच घडते. परंतु नारळास इजा होण्यासाठी पाणी गोठावेच लागते असे नाही. त्याची वाढ सरासरी २७ अंशांच्या आसपास उत्तम होते. पारा ओळीने काही रात्री दहाच्या खाली राहिला तरी पानांतील व्यवहार बिघडतो, मुळे पाणी व क्षार नीट ओढीत नाहीत, लहान फळे गळतात. आणि हे सर्व त्या रात्री दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, थंडी सरल्यावर, पाने तांबूस होऊ लागतात. म्हणूनच लोकांची समजूत होते की रोग आताच लागला व तो वाढत चालला आहे. वास्तविक जे व्हावयाचे ते होऊन गेलेले असते. आपण पाहतो तो केवळ त्याचा पडसाद.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आंबा, लिंबू, पेरू यांची छाटणी करून नवी फूट आणण्याची आपणास सवय आहे, आणि तीच सवय आपण नारळास लावतो. येथेच सारी चूक आहे. आंब्याच्या फांदीफांदीवर डोळे असतात. एक मेला तर दुसरा फुटतो. सालीखाली जिवंत थर असतो, तो जखम भरून काढतो. नारळ, ताड, शिंदी, सुपारी या साऱ्या कुळाची रचनाच निराळी. अवघ्या झाडाला वाढीचा डोळा एकच, तोही शेंड्यात, झावळ्यांच्या देठांच्या गराड्यात खोल दडलेला. बुंध्यावर झालेली जखम यांस भरून काढता येत नाही. ती जन्मभर तशीच राहते. छाटल्याने नवी फूट येईल हे म्हणणे या झाडाच्या बाबतीत निरर्थक आहे, कारण नवी पात त्या एका डोळ्यातूनच आणि आपल्या ठरलेल्या वेगानेच यावयाची. चांगल्या स्थितीतील नारळास वर्षाकाठी बारा ते चौदा झावळ्या येतात, म्हणजे महिन्यास एक. तुम्ही एका सकाळी वीस झावळ्या उतरविल्या तर त्या भरून यावयास दीड-दोन वर्षे लागतील, हा साधा हिशेब आहे.

याच एका डोळ्यात झाडाचे दैवही असते. वरच्या झावळ्या कितीही करपल्या तरी देठांच्या अनेक वेष्टनांत गुंडाळलेला तो गाभा बहुधा सुरक्षित राहतो. आपल्याकडील थंडी तेथवर पोहोचण्याइतकी कडक व लांबलचक सहसा नसते. बाहेरची पाने जळून आतल्या गाभ्यास वाचवितात. अशा झाडाचे वेष्टन कोयत्याने उतरविणे म्हणजे हिवाने कुडकुडणाऱ्या माणसाची फाटकी घोंगडी काढून घेण्यासारखे आहे.

आमच्या तालुक्यातील एका गृहस्थाने २०१९ च्या माघात आपले फळते झाड मेले असे समजून मुळापासून पाडले. झाड आडवे पडल्यावर मुलांनी कौतुकाने शेंडा फोडला, तो आतला गाभा दुधासारखा पांढरा व करकरीत निघाला. मुलांनी तो वाटून खाल्ला. ते झाड जिवंत होते हे घरच्या कर्त्या पुरुषास त्या वेळी कळले. नंतर बरेच दिवस तो परसाच्या त्या बाजूस फिरकला नाही असे त्याच्या घरचे सांगत.

म्हणून झाड जिवंत की मेलेले, याची परीक्षा पानांच्या रंगावरून करू नये. शेंड्याच्या मध्यभागी, भाल्यासारखी सरळ उभी, अजून न उघडलेली कोवळी पात असते, ती पाहावी. शिडीने जाता येईल इतके झाड असेल तर ती पात हाताने हळूच ओढून पाहावी. ती घट्ट असेल तर निर्धास्त व्हावे. मग त्या पातीवर व शेजारच्या झावळीच्या देठावर मिळून गेरूची अथवा रंगाची एक सरळ आडवी रेघ ओढून ठेवावी. पंधरा दिवसांनी, महिन्याने पाहावे. पातीवरची रेघ देठावरच्या रेघेपेक्षा वर सरकलेली असेल तर झाड वाढते आहे यास दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. या युक्तीस दमडीचा खर्च नाही, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांस व मुलांस ती रेघ पाहण्याचा एक छंदच लागतो. हिवाळ्यात ती सरकणार नाही. गारठलेले झाड स्वस्थ बसते. फाल्गुन-चैत्रात ती सरकू लागावी. नव्याने उघडणाऱ्या पहिल्या एक-दोन झावळ्या आखूड, सुरकुतलेल्या, टोकाशी जळलेल्या अशा निघाल्या तर घाबरू नये. त्या गाभ्यात असताना थंडी खाल्लेल्या असतात. त्यांच्या मागून येणाऱ्या नीट येतील.

अर्धवट हिरव्या झावळीवर कोयता चालविण्यात आणखी एक नुकसान आहे, ते पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. नारळाची प्रत्येक झावळी आपल्या काखेत एक फुलोरा, म्हणजे कोकणात जिला पोय म्हणतात ती, बाळगून असते. हा फुलोरा बाहेर पडून उमलतो त्याच्या सुमारे ३२ महिने आधी त्याचा अंकुर गाभ्यात धरलेला असतो. उमलल्यानंतर नारळ पक्व होण्यास आणखी अकरा-बारा महिने. म्हणजे आज आपण जो नारळ फोडतो त्याचा आरंभ साडेतीन वर्षांपूर्वीचा आहे. थंडीने एका हंगामाची फळे गळाली, हे नुकसान डोळ्यांस दिसते. परंतु झाडाचे अन्न तयार करणारी हिरवी पाने उतरविली तर गाभ्यात घडत असलेले पुढच्या तीन वर्षांचे फुलोरे उपाशी पडतात, आणि तो तोटा मात्र आपण 'जमीन खराब' किंवा 'दृष्ट लागली' अशा नावांनी नोंदवितो. शिवाय लोंबणाऱ्या पेंडीस खालून झावळीच्या देठाचा आधार असतो; तो काढला की पेंड वाकून तुटते. झावळीचा चौथा हिस्सा जरी हिरवा असला तरी ती झाडाच्या उपयोगाची आहे. तिला हात लावू नये.

हे झाले अमेरिकेतल्यासारखेच. आता आपले स्वतःचे. आपल्या झाडास दोन आघात सोसावयाचे असतात. पहिला पौषाचा, दुसरा वैशाखाचा. चैत्र संपता संपता पारा चाळिशी ओलांडतो व वैशाख-ज्येष्ठात पंचेचाळिसाच्याही वर जातो. ज्या झाडाची निम्मी पाने जळाली आहेत आणि राहिलेली आपण साफ केली आहेत, त्याच्या उघड्या शेंड्यावर व पातीवर हे ऊन सरळ पडते. थंडीतून वाचलेली झाडे उन्हात जातात ती अशी. आणि दोष मात्र थंडीस लागतो. सबब आमची सूचना अमेरिकन पुस्तकांच्या एक पाऊल पुढची आहे: केवळ अर्धी हिरवीच नव्हे, तर पूर्ण वाळलेली झावळीही पाऊस पडेपर्यंत जागीच राहू द्यावी. शेंड्याभोवती लोंबणाऱ्या वाळक्या झावळ्या बुंध्याच्या वरच्या कोवळ्या भागावर सावली धरतात. नारळाची वाळलेली झावळी वेळ झाली की आपण होऊन गळते. तिला तिच्या वेळेने गळू द्यावे.

यावर आक्षेप येतील. झाड वाईट दिसते, हा पहिला. दिसू द्यावे, परस हे काही प्रदर्शन नव्हे. उंदीर-खारी घर करतात, हा दुसरा, व तो खरा आहे. पण उंदराचा बंदोबस्त निराळा करता येतो. वीजवाहक तारांस अथवा छपरास झावळी टेकत असेल, किंवा आगीचे भय असेल, तर तेवढी अवश्य काढावी. मात्र देठ बुंध्याशी साफ न कापता हातभर किंवा थोडे अधिक लांब ठेवून काढावी. ओल्या देठाच्या ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, तो जखमेत अंडी घालतो, आणि त्याच्या अळ्या आतून गाभा पोखरतात. वर्षभराने झाड अचानक मान टाकते तेव्हा त्याचे मूळ माघातल्या त्या साफसफाईत असते, हे कोणाच्या स्वप्नातही नसते.

पाण्याविषयी थोडे. थंडीने मुळे मंदावलेली असताना आळ्यात पाणी साचवून ठेवणे बरे नव्हे. विशेषतः धानाच्या बांधीलगतची चिकण जमीन असेल तर मुळे कुजतात. माघाच्या उत्तरार्धापासून मात्र पाणी नियमित करावे. बुंध्यापासून सुमारे सहा फूट अंतरापर्यंत उथळ आळे करून त्यात दर चार दिवसांनी दोनशे लिटरच्या हिशेबाने पाणी मोठ्या झाडास पुरते. ठिबक असेल तर रोज चाळीस-पन्नास लिटर. आळ्यात तणस, लाखोरीचे कुटार किंवा नारळाच्याच गळून पडलेल्या झावळ्या व सोडणे पसरून जाड आच्छादन करावे. आपल्याकडे तणसाची वाण नाही. ती जाळण्यापेक्षा तिचा हा उपयोग शतपटीने चांगला.

खताच्या बाबतीत लोकांची घाई कोयत्याइतकीच घातक आहे. झाड पिवळे दिसले की मूठ-मूठ युरिया टाकण्याची चाल पडली आहे. गारठलेले मूळ तो घेऊ शकत नाही, आणि पुढे घेतलाच तर लुसलुशीत पाते निघून उन्हात करपते. मोठ्या झाडास वर्षाकाठी नत्र ५०० ग्रॅम, स्फुरद ३२० ग्रॅम व पालाश १,२०० ग्रॅम अशी शिफारस कासरगोडची आहे. यातील पालाशाचा आकडा नजरेत भरावा म्हणून मुद्दाम देत आहोत. नारळ नत्रापेक्षा पालाशाचा भुकेला, आणि आपण त्यास देतो काय, तर केवळ नत्र. १,२०० ग्रॅम पालाश म्हणजे सुमारे दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश. करपलेल्या झाडास जमीन उबदार झाल्यावर, फाल्गुनात, पाण्याच्या पाळीबरोबर याचा तिसरा हिस्सा व टोपलीभर कुजलेले शेणखत द्यावे. उरलेले पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस. चुलीची राख घरात असेल तर तीही आळ्यात टाकावी, पालाश तीतही असते.

एका गोष्टीत मात्र विलंब उपयोगी नाही. ओढून पाहता मधली पात हाती आली, तिचे बूड मऊ, घाणेरड्या वासाचे असले, तर कोंब कुजण्यास आरंभ झाला असे समजावे. थंडीने मेलेल्या कोवळ्या भागावर बुरशी चढते, आणि ती डोळ्यापर्यंत पोहोचली की खेळ संपला. अशा वेळी कुजका भाग धारदार सुरीने खरवडून निरोगी पांढरा भाग लागेपर्यंत स्वच्छ करावा व त्यावर बोर्डो मलम भरावे. मलमासाठी मोरचूद १०० ग्रॅम व कळीचा चुना १०० ग्रॅम प्रत्येकी अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत. मोरचुदाचे पाणी चुन्यात ओतावे, चुना मोरचुदात नव्हे. भांडे मातीचे किंवा प्लॅस्टिकचे असावे, लोखंडाचे नसावे. तयार झालेल्या मिश्रणात सुरीचे लोखंडी पाते मिनिटभर बुडवून पाहावे. त्यावर तांबूस पूट चढले तर चुना कमी आहे, तो आणखी घालावा. मलम भरल्यावर पावसाचे व पाटाचे पाणी आत जाऊ नये म्हणून शेंड्यावर प्लॅस्टिकचा तुकडा सैल बांधून ठेवावा. शेजारच्या निरोगी झाडांवर एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे वरील वजनेच एका लिटरऐवजी दहा लिटर पाण्यात, शेंड्यात ओतून किंवा फवारून द्यावे. आपल्याकडे माघ-फाल्गुनाची हवा कोरडी असल्याने ही कूज फ्लोरिडाइतकी पसरत नाही, हे आपले भाग्य. पण ती आत दबा धरून बसते व मृगाच्या पावसात उफाळते. म्हणून ज्या झाडास थंडीने मार बसला असेल त्यास ज्येष्ठात, पाऊस लागण्यापूर्वी, बोर्डोचा एक हात अवश्य द्यावा. दोन झाडांच्या धन्यास हा सारा खटाटोप परवडतो का, असे विचारणाऱ्यास आम्ही विचारू की नवे रोप लावून फळाची वाट पुन्हा सहा-सात वर्षे पाहणे परवडते का?

शोभेच्या झाडांविषयी दोन शब्द. सरकारी कचेऱ्यांच्या व शाळांच्या आवारांत हल्ली बॉटल पामच्या रांगा लावण्याची हौस फार. ही झाडेही थंडीने करपतात, आणि रांग सारखी दिसावी म्हणून माळी त्यांचे शेंडे झाडूसारखे करून ठेवतात. वरील सर्व विवेचन त्यांसही लागू आहे. जी झाडे बुडाशी पुष्कळ कोंब काढून बेटासारखी वाढतात, त्या कुंड्यांतील सुपारीसारख्या पामांची मात्र फार काळजी नको. वरचे खोड मेले तरी बुडातून नवे येते.

आणि ही सगळी धडपड पाहून आपल्या बांधावरची शिंदी हसत असेल! तीही याच कुळातली, तिलाही डोळा एकच; पण हा आपल्या मातीचा रहिवासी. उत्तर हिंदुस्थानातील कडक हिवाळे ती बिनतक्रार सोसते, आपला वैशाखही सोसते, आणि तिला ना आळे लागते ना खत. तिच्या पानांचे झाडू व चटया होतात, फळे मुले व पाखरे खातात. तिचे नाव ताडीबरोबर दारूच्या यादीत गेल्यामुळे भल्या घरांत तिची आबाळ झाली व बांध रुंद करताना ती सर्रास उपटली जाते. परसात नारळासाठी पाणी वाहणाऱ्याने बांधावरच्या दोन शिंदी राखल्या तर त्यास कष्ट काहीच नाहीत. ज्यांस नारळच हवा त्यांनी निदान रोप तरी समुद्रकाठावरचे न आणता आपल्यासारख्या हवेतील झाडांपासून मिळवावे. बस्तरात कोंडागाव येथे नारळ विकास मंडळाचे प्रक्षेत्र आहे. तो मुलूख आपल्याप्रमाणेच समुद्रापासून दूर व धानाचा आहे. तेथे चौकशी करणे कोकणात जाण्यापेक्षा शहाणपणाचे ठरेल.

लहान रोपांस, पहिली तीन-चार वर्षे, पुढच्या मार्गशीर्षापासूनच जपावे. झावळ्या वर गोळा करून सुतळीने सैल बांधाव्या, भोवती तणसाची पेंढी उभी करून वरून जुने बारदान गुंडाळावे. प्लॅस्टिक पानास चिकटेल असे कदापि गुंडाळू नये. त्यास लागलेले पान आधी करपते. आकाश निरभ्र व वारा पडलेला दिसला तर संध्याकाळी आळे ओले करावे आणि, हे पुष्कळांस उलटे वाटेल, आळ्यातील आच्छादन त्या रात्रींपुरते बाजूस सारावे. ओली उघडी जमीन दिवसा घेतलेली ऊब रात्री झाडास परत देते. जाड तणसाखाली ती कोंडून राहते. थंडी सरली की आच्छादन पुन्हा जागी. धुराचा मात्र बोलबालाच अधिक. ओला पालापाचोळा जाळून डोळे चुरचुरतात, झाडास त्याची ऊब लागत नाही.

सर्व करूनही काही झाडे जातील. गेरूची रेघ भाद्रपद उलटेपर्यंत जागची हलली नाही, नवी पात दिसली नाही, राहिलेल्या झावळ्या एकामागून एक खाली वळल्या, म्हणजे आशा सोडावी. मग मात्र ते झाड उभे ठेवू नये व पाडून परसात तसेच कुजतही टाकू नये, कारण कुजक्या बुंध्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि तो शेजाऱ्याच्या निरोगी नारळाचा शेंडा कुरतडतो. खालचा टणक बुंधा गोठ्याच्या आढ्यास किंवा पाटावरच्या पुलास कामी येतो. वरचा मऊ भाग चिरून, उन्हात वाळवून, पहिल्या संधीस जाळून टाकावा.